मागच्या चाकांचे व्याकरण

ड्रम म्हणजे जुना ब्रेक आणि डिस्क म्हणजे नवा, असा समज मोटारी बाळगणाऱ्या मंडळींत इतका पक्का बसला आहे की त्याला कोणी धक्का लावू गेले तर त्यालाच जुन्यात काढतात. वास्तविक दोघांच्या वयात फारसे अंतर नाही. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर या गृहस्थाने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले ते १९०२ साली. फ्रान्समध्ये लुई रेनोचा ड्रम ब्रेक आला तोही त्याच सुमारास. लँचेस्टरच्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासे आणि तो असा काही किंचाळे की चार चौकांपलीकडच्या माणसाला गाडी थांबते आहे हे कळावे. साहजिकच तो मागे पडला, आणि पुढची पन्नास वर्षे ड्रमने निर्वेध राज्य केले. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारच्या गाड्या डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या, तेव्हा कुठे जगाचे लक्ष पुन्हा त्या चकतीकडे गेले.

या सदरात एरवी शब्दांची उठाठेव चालते. मराठीच्या प्राध्यापकाने ब्रेकच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. कारण असे की गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी अमेरिकेत डेन्व्हर शहरी भाच्याकडे राहिलो, आणि त्या मुक्कामातले तीन शनिवार-रविवार त्याच्या मोटारघरात, एका जुन्या ट्रकच्या मागच्या चाकांपाशी, बुटक्या स्टुलावर बसून काढले. ट्रक म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर घाटात हुंकार देत चढणारी मालमोटार उभी राहते. तिकडे ज्याला ट्रक म्हणतात तो बहुतेक वेळा आपला पिकअप असतो : पुढे तिघांना बसायला एक बाक, मागे उघडा हौदा. भाच्याचा हा पिकअप शेव्हरोले कंपनीचा, सी-१० जातीचा, १९७२ सालचा. म्हणजे भाच्यापेक्षा वयाने बराच मोठा. त्याच्या पुढच्या चाकांना कारखान्यातूनच डिस्क ब्रेक आलेले. १९७१ सालापासून त्या गाड्यांना ते सरसकट मिळू लागले होते. मागे मात्र ११ इंच व्यासाचे ड्रम. ते काढून तिथे डिस्क बसवायचे, असे भाच्याने मनात घेतले होते.

त्याचे कारण नुसती हौस नव्हती. डेन्व्हरहून पश्चिमेला निघाले की इंटरस्टेट ७० हा हमरस्ता रॉकी पर्वत चढत चढत ११,१५८ फुटांवरच्या आयसेनहॉवर बोगद्यात शिरतो, आणि बोगद्यातून पलीकडे बाहेर पडला की डिलनच्या खोऱ्याकडे सात-आठ मैलांत सुमारे दोन हजार फूट खाली येतो. आपल्याकडे लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना जवळजवळ तेवढेच उतरावे लागते, हे सांगितले म्हणजे वाचकांना अंदाज येईल. ब्रेक गेलेल्या मालमोटारींना शिरता यावे म्हणून तिथे रस्त्याच्या कडेला खडीच्या चढत्या पट्ट्या बांधून ठेवल्या आहेत. भाच्याचा एक मित्र डिलनच्या पुढे लाकडी घर बांधतो आहे. त्याच्यासाठी हौदाभर इमारती लाकूड घेऊन हा गेल्या शरदात तो उतार उतरला. वरच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून. निम्म्या वाटेवर जळक्या लायनरचा वास आला. आणखी थोडे खाली गेल्यावर पेडल मऊ पडले आणि पाय पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागला. शेजारी त्याची बायको आणि मध्ये पाच वर्षांची मुलगी. गाडी थांबली, कोणाला काही झाले नाही. पण भाचेसुनेने त्यानंतर मुलीला त्या गाडीत पाऊल ठेवू दिले नव्हते.

असे का होते हे समजायला ड्रमच्या पोटात शिरले पाहिजे. चाकाबरोबर फिरणारे एक बिडाचे पातेले. त्याच्या आत दोन चंद्रकोरी, त्यांना ब्रेक शू म्हणतात. पाय दाबला की ब्रेक ऑईलच्या दाबाने शू बाहेर फाकतात आणि पातेल्याला आतून घासतात. यात खरी हुशारी पुढेच आहे. दाराखाली लाकडाची पाचर सरकवावी आणि दार ढकलावे, तो दार आपणच पाचरीवर चढून अधिक घट्ट बसते, हे आपण घरोघर पाहतो. ड्रममधला शू तसाच : फिरता ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो आणि ओढता ओढता स्वतःवरच अधिक दाबून घेतो. पायाने दिलेल्या जोरात ड्रम आपल्या पदरचा जोर घालतो. जुन्या काळी पॉवर ब्रेक नसतानाही साधी माणसे जड गाड्या थांबवीत, ती या पदरच्या जोरावर.

पण हाच उपकार तापल्यावर अंगाशी येतो. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर सरतो. पाय खोल जातो. लायनर फाजील तापला की त्याची पकड कमी होते. आणि पाचरीच्या न्यायाने जे वाढत होते ते त्याच न्यायाने झपाट्याने घटते. उष्णता बाहेर जायला वाट नसते, कारण पातेल्याचे तोंड बंद. डिस्कचे उलट आहे. ती उघड्या हवेत फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅडचा चिमटा. तापून ती जाड झाली तर पॅडच्या जवळच येईल. मात्र ती पदरचे काही घालीत नाही. पायाने जेवढे द्याल तेवढेच चाकाला पोचवील.

उष्णता किती, याचा मी एका रात्री भाच्याच्या मुलीच्या पाटीवर हिशेब केला. गाडी आणि लाकूड मिळून सुमारे २,२०० किलो. ते दोन हजार फूट खाली आणायचे आणि वेग वाढू द्यायचा नाही, तर जेवढी शक्ती कुठे तरी जिरवावी लागते तेवढ्यात चाळीसेक लिटर थंड पाणी उकळीला येईल. आजोळच्या तांब्याच्या बंबात साधारण तेवढे पाणी मावत असावे. इंजिनाने आणि वाऱ्याने आपला वाटा उचलला नाही तर तो बंब चार चाकांनी तापवायचा.

पहिल्या शनिवारी गाडी घोड्यांवर चढवली. घोडे म्हणजे लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये, हा भाच्याचा पहिला दंडक. दुसरा दंडक असा की जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टस असू शकते, म्हणून ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकायची किंवा हवा मारून उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडके फेकून द्यायचे. आपल्याकडे गॅरेजात पोरे ती धूळ तोंडाने फुंकतात, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवले.

मला वाटले होते, ड्रम निघाला की झाले. पण ज्या पत्र्याच्या ताटलीवर शू, स्प्रिंगा आणि सारा संसार बसवलेला असतो ती ताटली चाकाच्या एक्सलच्या आतल्या अंगाला असते. एक्सल बाहेर काढल्याशिवाय ती निघत नाही. आणि एक्सल या गाडीत अडकवलेला असतो थेट मधोमध, डिफरेन्शियलच्या पोटात. म्हणजे ब्रेक बदलायला निघालेल्या माणसाने आधी डिफरेन्शियलचे झाकण उघडावे, तिथले काळे, गंधकाच्या वासाचे तेल परातीत काढावे, मधली आडवी पिन सोडवावी, एक्सल बाहेरून आत ढकलावा, म्हणजे त्याच्या टोकाची, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची एक इवलीशी कडी मोकळी होते. ती बोटाने उचलून घेतली की तीन फुटांचा एक्सल नवरदेवासारखा डुलत बाहेर येतो. अख्खे चाक त्या कडीच्या भरवशावर जागेवर राहते, हे पाहून मी जरा वेळ गप्प बसलो.

मग ताटलीचे चार बोल्ट, आणि ब्रेकच्या नळीचा नट. पन्नास वर्षे गंजलेला तो नट साध्या पान्याने फिरवला तर त्याचे कोपरे झिजून गोल होतात. त्यासाठी नळीला चारी अंगांनी कवेत घेणारा निराळा पाना असतो. तो आणायला दुकानात जाऊन येईतो दुपार झाली. नव्या सामानाची पेटी तयार मिळते. तिच्यात कॅलिपर धरायचे ब्रॅकेट, दोन चकत्या, दोन कॅलिपर, पॅड, रबरी नळ्या आणि पार्किंग ब्रेकच्या तारा असतात. मुळात ही पेटी मागवण्यापूर्वी भाच्याने पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून आपल्या चाकाच्या आत धरून पाहिला होता. पुष्कळ लोक सामान बसवतात आणि मग चाक बसत नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

ब्रॅकेट, नवे ऑईल सील, एक्सल, चकती, कॅलिपर. रविवारी संध्याकाळी दोन्ही बाजू चकचकीत दिसू लागल्या. “झाले की रे,” मी म्हणालो. “मामा, आता कुठे सुरुवात,” भाचा म्हणाला.

त्याचे म्हणणे मला पुढच्या आठवड्यात पटले, आणि पटले ते माझ्याच धंद्याच्या भाषेत. ‘पांढरा घोडा धावला’ या वाक्यातला घोडा काढून घोडी घालायची, तर एक शब्द बदलून भागत नाही. पांढऱ्याची पांढरी करावी लागते, धावल्याची धावली करावी लागते. ब्रेकचेही असेच वाक्य आहे. मागे ड्रम होता तेव्हा साऱ्या यंत्रणेची रूपे ड्रमला धरून ठरलेली होती.

पहिले रूप मास्टर सिलिंडरचे. ड्रमच्या चिमुकल्या व्हील सिलिंडरला तेल थोडे लागते. डिस्कच्या कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ते जास्त लागते, आणि पॅड झिजत जातील तसतसे टाकीतले तेल तिकडेच मुक्कामाला जाते. म्हणून मागची टाकी लहान असलेला जुना मास्टर सिलिंडर काढून चारी डिस्कांचा बसवला. दुसरी एक बारीकशी झडप. ड्रमच्या नळीत पाय उचलल्यावरही दर चौरस इंचाला सुमारे १० पौंड दाब राखून ठेवणारी झडप पुष्कळ जुन्या गाड्यांत असते. व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या ताठ राहाव्यात म्हणून. शूना मागे खेचायला जाड स्प्रिंगा असतात, त्यांना हा दाब जाणवत नाही. कॅलिपरला स्प्रिंगच नाही. त्याच्या पिस्टनभोवतीची चौकोनी काठाची रबरी कडी दाबाने किंचित पिळवटते आणि दाब सुटला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. चकती मोकळी व्हायला तेवढा केस पुरतो. तिथे तो १० पौंडांचा दाब राहिला तर पॅड सदैव चकतीला चिकटून राहतील आणि सपाट रस्त्यावरही बंब तापू लागेल. ती झडप गेली.

तिसरे रूप सर्वांत नाजूक. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे झुकतो, बसमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याला हे सांगायला नको. रिकाम्या हौद्याच्या पिकअपमध्ये मागच्या चाकांवर मुळात वजन थोडे, त्यातले पुष्कळसे पुढे गेलेले. अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली तर गाडी शेपटीकडून फिरते आणि चालकाला आल्या वाटेकडे तोंड करून उभी करते. म्हणून मागे जाणारा दाब बेताने सोडणारी झडप लागते. डिस्कला ड्रमचा पदरचा जोर नाही, तेव्हा जुन्या झडपेचे माप लागू पडत नाही. भाच्याने नळीत फिरकीची झडप बसवली. एका बंद कारखान्याच्या मोकळ्या, ओल्या केलेल्या आवारात त्याने गाडी पळवायची आणि कचकन दाबायची, मी भिंतीपाशी उभा राहून आधी पुढचे चाक थांबले की मागचे ते ओरडून सांगायचे. दर खेपेला फिरकी थोडी थोडी सैल किंवा घट्ट. अशा चौदा खेपा झाल्या. आणि हे सारे माप रिकाम्या गाडीचे. हौदा भरला की मागच्या चाकांना अधिक ब्रेक पेलला असता, पण फिरकीने तो अडवलेला. म्हणजे लाकूड भरलेले असताना मागच्या नव्या डिस्कांनी जे काम करावे त्यातले काही त्यांना करताच येत नाही! हे मी बोलून दाखवले तेव्हा भाचा म्हणाला, “पण रिकामी गाडी फिरण्यापेक्षा ते बरे.” याला उत्तर नव्हते.

उरला पार्किंग ब्रेक, ज्याला आपण हॅण्डब्रेक म्हणतो. या गाडीत तो दाबायचा असतो पायाने, आणि तरी हॅण्डब्रेकच. ड्रममध्ये तो फुकटात मिळतो : तारेने ओढलेले तेच शू. डिस्कला एक तर कॅलिपरमध्येच तारेने फिरणारा स्क्रू घालतात. तो नेहमी वापरला नाही तर त्याचे अंतर वाढत जाते आणि पेडल खोल जाऊ लागते. नाही तर चकतीच्या मधल्या टोपीत एक लहानसा ड्रम कोरून त्यात दोन बाळ-शू बसवतात. भाच्याने ही दुसरी तऱ्हा घेतली होती. ड्रम घालवायला दोन आठवडे खपलेल्या गृहस्थाने डिस्कच्या पोटात पुन्हा ड्रम बसवलेला पाहून मला हसू आवरेना.

सर्वांत शेवटी नळ्यांतली हवा काढणे. या कामाला दोन माणसे लागतात, आणि दुसऱ्याला कसलीही विद्या लागत नाही, म्हणून ते माझ्याकडे आले. मी चालकाच्या जागी, भाचा चाकाखाली. आधी सर्वांत लांबचे मागचे उजवे चाक, मग डावे, मग पुढची.

“मामा, दाबा.”

“दाबले.”

“धरून ठेवा… सोडू नका हं… आता सोडा.”

मध्येच सोडले तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत. पाऊण तासाने माझी पोटरी भरून आली, पण पायाखालचे पेडल दगडासारखे घट्ट लागले. सांडलेले तेल त्याने लगेच पाण्याने धुतले. ब्रेक ऑईल मोटारीचा रंग खाते.

आता फळ काय मिळाले ते प्रामाणिकपणे सांगतो. नवे पॅड चकतीवर बसावेत म्हणून बेताच्या वेगाने पुष्कळदा अर्धवट थांबून, मध्ये थंड होऊ देऊन झाल्यावर, भाच्याने ताशी ४० मैलांवरून गाडी थांबवून अंतर मोजले. ड्रम असताना मोजून ठेवलेल्या अंतरात आणि यात जवळजवळ काहीच फरक नव्हता. तो हिरमुसला. पण त्यात नवल नाही. ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो रस्त्याला धरलेला टायर. ड्रमही थंड असताना चाक जाम करू शकत होते, त्याच्या पुढे कोणता ब्रेक काय करणार?

खरी परीक्षा उताराची. शेवटच्या शनिवारी हौदाभर लाकूड घेऊन आम्ही दोघेच निघालो. बोगद्याबाहेर पडण्यापूर्वी मी त्याला आमच्या बोरघाटातल्या चालकांचा नियम ऐकवला : ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. त्याने खालचा गिअर घातला, इंजिनाने गाडी धरली, आणि मग अधूनमधून ब्रेक दाबून, सोडून, आम्ही डिलनला आलो. पेडल वर होते तेवढ्याच उंचीवर खाली. वास नाही. भाचा म्हणतो, हे डिस्कचे यश. मी खालच्या गिअरच्या पक्षाचा आहे. माझ्या मते तो गिअर गेल्या शरदात घातला असता तर त्या ड्रमांनाही लाकूड सुखरूप पोचवता आले असते. वाद मिटवायचा एकच उपाय होता, वरच्या गिअरमध्ये पुन्हा उतरून पाहणे, आणि त्याला दोघेही तयार नव्हतो. डिस्कचे इतर गुण मी नाकबूल करीत नाही. पावसाच्या पाण्यातून गेल्यावर ती लवकर कोरडी होते, पॅड किती उरले ते चाक काढताच दिसते, आणि बदलायला अर्धा तास पुरतो. भाचेसुनेने मात्र घरासमोरच्या उतारावर हॅण्डब्रेक लावून गाडी सोडून पाहिली. ती वीतभर सरकली. तारा आणखी दोनदा ओढून, बाळ-शू घासून बसल्यावर गाडी जागची हलेना, तेव्हा मुलीला आत बसायची परवानगी मिळाली.

इकडे परत आल्यावर दोघा-तिघा जुन्या जीपवाल्यांनी ही हकीकत ऐकून, आपणही करावे काय, म्हणून विचारले. त्यांना माझे सांगणे असे की आपल्याकडे हा शनिवार-रविवारचा उद्योग नव्हे. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम गाडीत मन मानेल तसा फेरफार करू देत नाही, आणि निर्मात्याच्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत सांगितले आहे. आर.टी.ओ.ला विचारल्यावाचून ब्रेकसारख्या अंगाला हात लावू नये. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारील. त्यापेक्षा आहे तो ड्रम नीट ठेवावा. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का पाहावी. असेल तर सिलिंडर गळतो आहे. ब्रेक ऑईल हवेतले पाणी पिते आणि मग घाटात उकळते, म्हणून दोन वर्षांनी सारे बदलावे. पुढल्या-मागल्या शूंचे अंतर सारखे करून घ्यावे. आणि खरवडलेला ड्रम लेथवर घासून घ्यायचा असेल तर आधी त्यावर कोरलेला कमाल व्यासाचा आकडा शोधून लेथवाल्याला दाखवावा. त्या आकड्यापलीकडे गेलेला ड्रम भंगारात द्यावा, मग तो कितीही गुळगुळीत दिसो.